महापालिकेच्या एआय निर्णयासाठी तज्ज्ञ आणि धोरणकर्ते यांची बैठक कशी भरवावी

ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. तेथून फार लांब नसलेल्या बेलापुरात नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय आणि कोकण विभागीय आयुक्तांचे कार्यालय असलेले कोकण भवन आहे, तर ठाणे महापालिकेचा कारभार पाचपाखाडीतून चालतो. एआय प्रणाली बांधणारे आणि तिच्या खरेदीच्या नस्तीवर (फाइलवर) सही करणारे इतक्या जवळ असूनही त्यांची गाठ बहुधा विक्रीच्या सादरीकरणातच पडते, आणि तेथे अडचणीचे प्रश्न विचारण्यास वाव नसतो. ही गाठ खरेदीपूर्वी आणि विक्रीचा हेतू नसताना पडावी यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालय, रहिवाशांची संघटना किंवा महापालिकेचा माहिती तंत्रज्ञान विभाग यांपैकी कोणीही पुढाकार घेऊ शकतो.

सर्वप्रथम विषय आवळावा. ‘एआय आणि शहराचे भवितव्य’ अशा मथळ्याखाली भाषणे होतात, निर्णय होत नाहीत. त्याऐवजी येत्या काही महिन्यांत ज्यावर निर्णय घ्यायचाच आहे असा एकच प्रस्ताव निवडावा. उदाहरणार्थ, नागरिकांच्या तक्रारी वाचून त्या योग्य विभागाकडे आपोआप पाठवणारी प्रणाली घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या अटींवर. प्रस्ताव जितका नेमका, तितकी दोन्ही बाजूंची जबाबदारी स्पष्ट होते.

निमंत्रणे देताना केवळ पदांकडे पाहू नये. आयुक्त किंवा उपआयुक्त आले तर उत्तमच, पण टिपणी प्रत्यक्षात लिहिणारा अधिकारी, विधी विभाग, लेखा विभाग आणि आज हाताने तक्रारींची वर्गवारी करणारा कर्मचारी यांच्याविना बैठक अपुरी राहते, कारण तक्रारी प्रत्यक्षात कशा येतात याचे ज्ञान त्या शेवटच्या व्यक्तीइतके कोणाकडेच नसते. प्रभागातील लोकप्रतिनिधी असावेत. तंत्रज्ञांच्या बाजूने प्रणाली बांधलेली आणि ती बिघडताना पाहिलेली व्यक्ती हवी, शिवाय एक संख्याशास्त्रज्ञ हवा. ज्या कंपन्या पुढे निविदा भरू शकतात त्यांना या बैठकीत स्थान देऊ नये, आणि प्रत्येक तज्ज्ञाकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन आधीच घ्यावे. हे बोलताना अवघड वाटते, पण न केल्यास पुढे संपूर्ण निविदाच वादात सापडू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. बैठकीच्या आठवडाभर आधी प्रत्येक बाजूने दोन पानांचे मराठी टिपण द्यावे. तंत्रज्ञांच्या टिपणावर माझी एकच अट असेल, ती म्हणजे अचूकता टक्क्यांत सांगून थांबू नये, ती माणसांच्या संख्येत मांडावी. समजा, दिवसाला २,००० तक्रारी येतात आणि प्रणाली ९५ टक्के अचूक आहे. म्हणजे रोज १०० तक्रारी चुकीच्या विभागात जाणार, महिन्याला सुमारे ३,०००. आता समजा, रोजच्या २,००० पैकी २०० तक्रारी हिंदी-मराठी मिसळून, अशुद्ध टंकलेखनात किंवा तुटक वाक्यांत येतात आणि तेथे प्रणाली ७० टक्केच बरोबर ठरते. मग रोजच्या १०० चुकांपैकी ६० चुका या एका लहान गटाच्या वाट्याला येतात, आणि उरलेल्या १,८०० तक्रारदारांना मात्र जवळजवळ ९८ टक्के अचूक सेवा मिळते. एकूण आकडा ९५ टक्केच राहतो आणि त्याच्याआड हा अन्याय कोणाला दिसत नाही. कळवा, मुंब्रा किंवा दिघा येथील वस्त्यांतून येणाऱ्या तक्रारींची भाषा घोडबंदर रोडवरच्या संकुलांतील तक्रारींसारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून प्रभागवार आणि भाषावार चाचणी मागणे हा धोरणकर्त्यांचा हक्क आहे, आणि ती कशी घ्यावी हे सांगणे तंत्रज्ञांचे काम आहे. याच एका तक्त्यावर दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने एकमेकांशी बोलू लागतात.

प्रशासनाच्या टिपणात कायद्याची चौकट असावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना सांगणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ‘संगणकाने ठरवले’ हे कारण होऊ शकत नाही, आणि ही गोष्ट प्रणालीच्या रचनेआधीच तंत्रज्ञांना कळली पाहिजे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, तेव्हा तीन वर्षांचे कंत्राट त्यांच्या कक्षेत येणारच. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच एआय प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत तूर्त स्वतंत्र कायदा न करता प्रचलित कायद्यांवर भिस्त ठेवण्याची भूमिका आहे. त्यामुळे निविदेतील अटींचे वजन वाढते, हे लेखा आणि विधी विभागांना ठळकपणे सांगावे.

तारीख ठरवताना अर्थसंकल्पाचे फेब्रुवारी-मार्च, पावसाळ्याचे महिने आणि नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या लोकशाही दिनाचा, म्हणजे महिन्याचा पहिला सोमवार टाळावा. ठिकाण स्थानकाजवळचे असावे. बारा-पंधरा जणांहून अधिक माणसे नकोत आणि सादरीकरणाचा पडदा तर नकोच.

बैठकीत पहिला अर्धा तास तक्रार विभागातील कर्मचाऱ्याला द्यावा. त्यानंतर खऱ्या तक्रारींचे, नाव आणि पत्ता काढलेले नमुने सर्वांसमोर ठेवून प्रत्येक नमुन्यावर विचारावे: ही तक्रार चुकीच्या विभागात गेली तर कोणाच्या लक्षात येईल, किती दिवसांत, आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला असेल? तज्ज्ञाने तांत्रिक मर्यादा सांगितली की ती मान्य करून पुढे जाऊ नये. त्या मर्यादेपोटी माणसाने कुठे लक्ष घालायचे ते तिथेच ठरवावे. अधिकाऱ्याने ‘नियमात बसत नाही’ असे म्हटले तर तो नियम वाचून दाखवण्याची विनंती करावी. त्यात अविश्वास नाही. अनेकदा नियमात वाट असते आणि ती तंत्रज्ञांना ठाऊक नसते.

बैठकीअंती हाती यायला हवीत ती निविदेत जशीच्या तशी घालता येतील अशी वाक्ये. प्रभागवार चाचणीत ठरलेल्या किमान अचूकतेखाली गेल्यास देयक रोखले जाईल. प्रत्येक वर्गवारीची नोंद ठेवली जाईल आणि ती महापालिकेच्या मालकीची असेल. तक्रारदाराला माणसाकडून फेरतपासणी मागता येईल. कंत्राट संपल्यावर सर्व डेटा वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळेल. ज्या मुद्द्यांवर एकमत झाले नाही तेही इतिवृत्तात दोन्ही बाजूंच्या कारणांसह लिहावेत, कारण स्थायी समितीपुढे प्रस्ताव गेल्यावर सदस्यांना मतभेदांचीच सर्वाधिक गरज पडते.

इतिवृत्त आठ दिवसांत सर्वांना पाठवून त्यांची सहमती घ्यावी. प्रणाली घेतली गेली तर तीच मंडळी चुकांची नोंदवही तपासायला पुन्हा केव्हा बसतील, ती तारीखही त्यातच लिहावी. ही दुसरी बैठक मात्र पावसाळ्यातच ठेवावी, कारण नाले तुंबल्याच्या आणि घरांत पाणी शिरल्याच्या तक्रारी तेव्हा एकाच रात्रीत येऊन कोसळतात आणि चुकीच्या विभागात गेलेली प्रत्येक तक्रार त्या रात्री कोणाच्या तरी घरात पाणी साचवून ठेवते.