जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? प्रोसेसर तापू नये म्हणून या चुका टाळा

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असं धडधाकट यंत्र भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं केव्हाही चांगलं. मात्र त्यानंतर एक तक्रार हमखास येते: पंखा थांबतच नाही. मग माणूस इंटरनेटवर सापडेल तो उपाय करत सुटतो आणि नेमकं काय बिघडलं होतं हे कळायची सोयच उरत नाही.

न मोजताच उपाय करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एलएम-सेन्सर्स हे तापमान दाखवणारं पॅकेज बसवा, त्यातली सेन्सर शोधणारी आज्ञा एकदा चालवा आणि तापमानाचे आकडे बघा. काहीही उघडलेलं नसताना ४० ते ५५ अंश सेल्सिअस आणि व्हिडिओ कॉल चालू असताना ७०-८० दिसत असेल, तर जुन्या लॅपटॉपसाठी ते ठीक आहे. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० किंवा १०५ अंश असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. रिकामा बसलेला लॅपटॉप ६५-७० वर असेल, तर आत कुठला तरी प्रोग्रॅम राबतोय. उलट, एरवी थंड असलेला लॅपटॉप जरा काम दिल्याबरोबर काही सेकंदांत ९५ वर उडी मारत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. पहिल्याचं औषध सॉफ्टवेअरमध्ये आहे, दुसऱ्याचं स्क्रूड्रायव्हरमध्ये. दुसऱ्या प्रकारच्या लॅपटॉपवर नुसत्या सेटिंग बदलत बसलात, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

पहिल्याच दिवशी निकाल लावणं

नव्या इन्स्टॉलेशननंतर अपडेट उतरत असतात, फाइलींची अनुक्रमणिका तयार होत असते. हे काम आटोपू द्या, मग मोजा.

त्यानंतरही तापत असेल तर एचटॉप (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारं साधन) उघडून प्रोसेसर कोण खातंय ते पाहा. केवर्कर नावाची लिनक्सची अंतर्गत प्रक्रिया प्रोसेसरचा एक अख्खा कोर सतत अडवून बसली असेल, तर अनेकदा फर्मवेअरकडून (लॅपटॉपच्या चिपमध्येच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरकडून) येणाऱ्या सिग्नलचा मारा हे कारण असतं. सिस फोल्डरमधल्या फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या वाटेने गेलात की जीपीई नावाच्या नोंदी दिसतात. त्यांतल्या एकीचा आकडा भराभर वाढताना दिसला, तर गुन्हेगार तीच. ती बंद करता येते. पण बंद केल्यावर झाकण, बॅटरीची सूचना आणि ब्राइटनेसची बटणं चालतात का हे तपासून घ्या.

हलका डेस्कटॉप टाकला की झालं, असं समजणं

एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असा हलका डेस्कटॉप (लिनक्सचं पडद्यावर दिसणारं रूप) घेतल्याने रॅम वाचते, हे खरं. पण ताप बहुतेक वेळा ब्राउझरमधून येतो आणि त्यातही व्हिडिओमधून. यूट्यूब सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने आकुंचित केलेला व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपर्यंतच्या ग्राफिक्समध्ये व्हीपी९ पूर्णपणे उलगडणारं हार्डवेअर नाही, त्यामुळे तो भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच२६४ ही जुनी, ग्राफिक्सला झेपणारी पद्धत सक्तीने मागवणारं एक्स्टेन्शन टाका आणि व्हीए-एपीआयचा (व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे सोपवणाऱ्या सोयीचा) योग्य ड्रायव्हर बसवा: हॅसवेल (इंटेलची चौथी पिढी) आणि त्याआधीच्या चिपसाठी आय९६५, ब्रॉडवेलपासून (पाचवी पिढी) पुढे इंटेल मीडिया ड्रायव्हर. माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर एवढ्या कमी मेहनतीत इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

वेगळं एनव्हिडिया कार्ड असलेल्या यंत्रात ते कार्ड रिकामं असतानाही चालू राहतंय का, तेही बघा. तसं असेल तर फक्त इंटेल ग्राफिक्स वापरायची सेटिंग करा.

तीन-तीन पॉवर टूल एकत्र चालवणं

टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीज वाचवणारी तिन्ही साधनं प्रोसेसरच्या त्याच सेटिंगवर हक्क सांगतात आणि एकमेकांचं केलेलं पुसतात. एकच ठेवा. इंटेलचं थर्माल्ड मात्र टीएलपीसोबत नांदू शकतं. त्याचं काम तापमान मर्यादेत ठेवण्याचं आहे. एवढं करून भागलं नाही तर टर्बो (प्रोसेसरचा वेग गरजेपुरता वाढवणारी सोय) बंद करून बघा. कमाल वेग घटतो, पण लेखन-वाचनाच्या कामात तो फारसा जाणवत नाही आणि भाराखालचं तापमान चांगलंच उतरतं.

बूटचे पर्याय (लिनक्स सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचना) तर कुणाचेही आंधळेपणाने उचलू नका. सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) १ वर अडवणारा पर्याय इंटेलच्या बे-ट्रेल चिपचं गोठणं टाळण्यासाठी सुचवला जायचा. तो इतर लॅपटॉपवर लावला की प्रोसेसरला गाढ झोपच लागत नाही आणि रिकामं यंत्रही तापत राहतं.

उघडून साफ करणं टाळणं

काही वर्षं वापरलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर जमलेला असतो. बाहेरून हवा मारली तर तो बऱ्याचदा आतच सरकतो. बॅटरी सोडवा, पंख्याची पाती धरून ठेवा (हवेच्या झोताने तो भन्नाट फिरून बिघडू शकतो) आणि थर बाहेर काढा. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. जिथे मऊ थर्मल पॅड आहेत, तिथे त्यांच्याऐवजी पेस्ट चालत नाही; पॅडची जाडी भरून काढणं तिला जमत नाही.

विंडोज घाईघाईत पुसून टाकणं

बऱ्याच कंपन्या जुन्या मॉडेलचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ फर्मवेअर) अपडेट फक्त विंडोजमधून चालणाऱ्या फाइलच्या रूपात देतात आणि पंख्याचं वागणं बऱ्याचदा बायोसच ठरवतो. म्हणून विंडोज आहे तोवर ते अपडेट करून घ्या.

आणि यंत्र रखडतंय पण तापमान मात्र ५० च्या आसपासच आहे, प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही, असं दिसलं तर उष्णतेचा माग सोडा. चार्जर ओळखला गेला नाही किंवा बॅटरी खराब झाली, तरी काही लॅपटॉप वेग असाच आवळून धरतात. आधी दुसरा योग्य चार्जर लावून बघा.