नागपुरात डोळ्यांच्या संशोधनात शिरताना

बी.ऑप्टोम (डोळे तपासण्याची पदवी) झाल्यावर माझ्या भंडाऱ्याच्या मैत्रिणी चष्म्याच्या दुकानांत लागल्या आणि माझ्या आधी कमवायला लागल्या. मी नागपुरातल्या एका रुग्णालयात संशोधन सहायक झाले. घरी आजही सांगतात, ‘पोरगी मेडिकलच्या कुठल्याशा प्रोजेक्टवर आहे.’ ‘प्रोजेक्ट’ म्हणजे पगार कधी होईल सांगता येत नाही, हे मात्र त्यांना पक्कं कळलंय.

पहिल्या दिवशी ‘रेटिना’ हा शब्द गिळायला शिकले. ओपीडीत तो ‘पडदा’ असतो. युव्हिआयटिस म्हणजे ‘डोळ्याच्या आतली सूज’, आणि हे सांगूनही अर्धे लोक ‘डोळे आले’ असंच समजतात. लाल डोळा दिसला की औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणतात. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. लाली जाते, माणूस खूश होतो, आतली सूज अर्धवट दबून राहते आणि महिनोन्‌महिने ड्रॉप चालू राहिला तर डोळ्याचा दाब वाढतो. अशा रुग्णाला अभ्यासात घेताना आधीचं औषध विचारलं नाही, तर पुढचे सगळे आकडे वाया.

सूज मोजायची कशी? अंधाऱ्या खोलीत, स्लिट लॅम्पचा (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाचा) १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर झोत डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात टाकून त्यात तरंगणाऱ्या पेशी मोजायच्या. ६ ते १५ दिसल्या तर १+, १६ ते २५ तर २+. ही मोजपट्टी २००५ मध्ये एसयूएन या युव्हिआयटिसच्या तज्ज्ञांच्या गटाने ठरवली, म्हणजे सगळ्यांची भाषा एक झाली. मी पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकून मग मोजत होते. ड्रॉपने बुबुळातले रंगद्रव्याचे कण सुटतात आणि ते पेशींसारखेच तरंगतात. आमच्या प्रोजेक्टच्या सरांचं उत्तर १+, माझं ३+. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या फॉर्मवर वेळ लिहायचा रकाना वाढवला: ‘ड्रॉपआधी की नंतर?’ तुम्ही फॉर्म बनवाल तेव्हा तो रकाना घाला.

कारण शोधणं तर आणखी अवघड. आपल्याकडे टीबी इतका पसरलेला की मँटू (टीबीसाठीची त्वचेवरची) चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून डोळ्यातली सूज टीबीचीच, असं छातीठोक म्हणता येत नाही.

मला मात्र ओढून घेतलं ते सिकलने, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराने. विदर्भात हा आजार घराघरांत ऐकू येतो. १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल ट्रेटवर (आई-बापांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक येणं) लिहिलं होतं, आणि १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. डोळ्यात होतं असं: विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी पडद्याच्या अगदी कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, मग नव्या, तकलादू वाहिन्या पंख्यासारख्या फुटतात. गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये पाच पायऱ्या सांगितल्या, त्यातली ही तिसरी. चौथीत रक्तस्राव, पाचवीत पडदा सुटतो. आणि तिसरीपर्यंत माणूस तक्त्यावर ६/६ वाचतो! वीस वर्षांचा मुलगा, एकही तक्रार नाही, कडेला पंखा फुललेला. मी नव्या मुलांना एवढंच सांगते की पडद्याच्या मधल्या भागाचा फोटो चांगला आला म्हणून फाइल मिटू नका.

पुस्तकांतली बरीचशी माहिती जमैका, अमेरिकेतल्या रुग्णांवरून आलेली आहे. आपल्याकडच्या सिकलचा जनुकीय बाज वेगळा, अरब-भारतीय. त्यात फीटल हिमोग्लोबिन (पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं ते) जास्त असतं. तिकडचे आकडे इकडे उचलून चालत नाहीत, म्हणून नागपुरात बसून हे काम करण्यात अर्थ आहे.

आता माझी मोठी चूक. ५८ रुग्णांचे ११६ डोळे झाले म्हणून मी नमुन्याची संख्या ११६ लिहिली. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) सरांनी लाल पेनाने काट मारली. “दोन्ही डोळे एकाच माणसाचे ना? एकच रक्त, एकच आजार. मग दोन साक्षीदार कसे?” एक डोळा निवडा किंवा हा संबंध धरणारी पद्धत वापरा. ते आधी ठरवा, आकडे हातात आल्यावर नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: नैतिकता समितीची मंजुरी, जीसीपी (रुग्णांवरचं संशोधन नीट करण्याचे नियम) प्रशिक्षण, आणि औषध किंवा उपचार तपासत असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. तिला पैसे लागत नाहीत. एमबीबीएसचे विद्यार्थी असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना बघा. संमतीपत्र शुद्ध मराठीत लिहून गोंडी बोलणाऱ्या बाईपुढे ठेवू नका. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, आणि तो आपल्याच टीमचा नसावा.

ऐन मे महिन्यात माझे रुग्ण अभ्यासातून गळायला लागले. मला वाटलं, यांना किंमत नाही. मग फोन केले. गडचिरोलीकडच्या एक आजी म्हणाल्या, “पोरी, तुह्या त्या दवाईनं सारं पांढरं दिसते. उन्हात डोयेच उघडत नाही मले. बसचा बोर्ड कसा वाचू?” बाहुली चार-सहा तास मोठी राहते, नागपूरचं ऊन पंचेचाळीसला, आणि शेवटची एसटी निघून जाते. शिवाय मे म्हणजे तेंदूपत्ता आणि जुलै म्हणजे धानाची रोवणी. आम्ही लांबच्या रुग्णांना सकाळी आठलाच ड्रॉप टाकायला लागलो, तारखा रोवणीनंतर सरकवल्या आणि सीताबर्डीतून स्वस्तातले काळे गॉगल आणले.

आजी आता दर भेटीला येतात. गॉगल मात्र परत देत नाहीत, नवा मागतात.