ग्वाल्हेरच्या परसबागेत पाला पडतो तेव्हा: या चुका टाळा

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. पण लश्कर, मुरार, डबरा इकडे डिसेंबरात कुणी ‘पाला पडला’ म्हटलं, की पानांवर दहिवर गोठलं असं समजायचं.

पाला वाऱ्यासोबत येतो, हा समज सगळ्यात महाग पडतो. त्यापायी वायव्येला गोणपाट बांधलं जातं आणि वरची बाजू उघडी राहते. खरं तर वाहत्या वाऱ्यात पाला सहसा पडत नाही, कारण वरची जरा उबदार हवा खाली मिसळत राहते. मावठा होऊन गेला, आभाळ निवळलं आणि संध्याकाळी वारा पडला, ती रात्र धोक्याची. जमिनीची ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते आणि पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. ओसरीवरचा थर्मामीटर 4 अंश दाखवत असताना वाफ्यातल्या टोमॅटोवर बर्फ असू शकतो. म्हणून झाकायचं ते वरून.

झाकण्यातही चुका होतात. पातळ प्लास्टिक थेट झाडावर टाकलं, तर जिथे ते टेकतं तिथली पानं करपतात. शिवाय जमिनीची ऊब त्यातून बरीचशी निसटते. चार काठ्या रोवा, त्यांवर गोणपाट किंवा जुनी सुती चादर टाका, कडा जमिनीपर्यंत सोडा. हे काम दिवस मावळायच्या तासभर आधी करा, म्हणजे दिवसाची ऊब आत राहील. रात्री दहाला आठवण झाली तर बरीच ऊब निघून गेलेली असते. सकाळी नऊपर्यंत झाकण काढा. पपईच्या रोपांना जानेवारी सरेपर्यंत गवताची खोपटी करतात, तिची आग्नेय बाजू मात्र उन्हासाठी उघडी ठेवा.

मातीकडे फार कमी लोक बघतात. कोरडी, नुकतीच खुरपलेली भुसभुशीत माती ऊब साठवत नाही. ओली, बसलेली माती साठवते. तेव्हा पाल्याची चिन्हं दिसली की खुरपणी थांबवा आणि त्याच दिवशी सकाळी पाणी द्या, म्हणजे दुपारचं ऊन मातीत मुरेल. चौरस मीटरला साधारण 20 लिटर पुरे. रोज पाणी मात्र नको, मुळं कुजतात. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडून सोडून देणं तर टाळाच.

उन्हाळ्यात उपयोगी पडणारं गवताचं जाड आच्छादन इथे उलटं वागतं: दिवसा ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही, रात्री मातीची ऊब रोपांपर्यंत येऊ देत नाही. त्या दोन-तीन दिवसांपुरतं ते वाफ्याच्या कडेला ओढून ठेवा.

डिसेंबरात युरिया देऊन झाडं ‘जोरात’ आणू नका. कोवळी फूट सर्वांत आधी जळते. पाण्यात मिसळणाऱ्या 80 टक्के गंधकाची फवारणी सुचवली जाते, लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 45 ग्रॅम. पण ती झाकणाची जागा घेत नाही. शेतात पातळ केलेलं गंधकाम्ल फवारतात, ते घरच्या बागेत आणूच नये. काडीकचरा पेटवून धूर करण्यावरही विसंबू नका. धूर ऊब फारशी अडवत नाही, घरातल्यांना खोकला तेवढा होतो.

तुळशीची काळजी वेगळीच घ्यावी लागते. वृंदावन जमिनीपासून उंच आणि अंगणात उघड्यावर, त्यामुळे ती पटकन काळी पडते. कुंडीत असेल तर रात्रीपुरती पडवीत घ्या. नसेल तर तुळशीच्या लग्नाच्या मांडवाचे ऊस टाकून न देता त्यांचाच सांगाडा करा आणि वर जुनं धोतर किंवा लुगडं टाका. मंजिऱ्या वेळोवेळी खुडत जा. अळूची पानं मात्र थंडीत जाणारच. कंद जमिनीत राहू द्या, पाणी कमी करा.

आणि पाला पडलाच, तर लगेच कात्री हातात घेऊ नका. पानं आधी उकडल्यासारखी दिसतात, मग काळी पडतात. ती झाडावरच राहू द्या, पुढच्या पाल्यात तीच आतल्या डोळ्यांवर पांघरूण होतात. फेब्रुवारीच्या शेवटी नखाने साल खरवडा. हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर हिरव्या भागापर्यंत छाटा. खत नवी फूट दिसल्यावरच द्या. बटाट्याचे वेल जळले तरी घाईने खणू नका. खालचे बटाटे बहुधा शाबूत असतात आणि साल पक्की व्हायला त्यांना दहा-बारा दिवस लागतात.