गावच्या घराला कॅमेरा लावा, पण शेजारची न्हाणी वगळून

मुंबईत राहून मालवणकडचं बंद घर सांभाळायचं तर कॅमेरा हवाच. भावकीतल्या नऊ-दहा घरांना मीच लावून दिलेत. मात्र ‘उंचावर लाव, सगळं दिसेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सगळं दिसायला नकोच असतं.

पडवीच्या वाशाखाली आठ-नऊ फुटांवर बसवा, तोंड खाली खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे. दार, पायऱ्या आणि बेडं (कुंपणाचं फाटक) दिसलं की पुरे. फिरता कॅमेरा नको, स्थिरच घ्या.

एवढं करूनही गडग्यापलीकडचं (दगडी कुंपणापलीकडचं) थोडं चौकटीत येतंच, आणि माझी फसगत तिथेच झाली. ॲपमध्ये मी हालचालीचा झोन (जिथे काही हललं की मोबाइलवर सूचना येते तो भाग) आखला, काकीची विहीर आणि न्हाणी त्यातून वगळली आणि निर्धास्त झालो. आंबे कोण नेतं ते बघायला रेकॉर्डिंग उघडलं, तर काकी पाणी शेंदताना स्वच्छ दिसली. झोन वगळला की फक्त सूचना थांबते, चित्रीकरण चालूच राहतं. भाग काळा करायचा तर ‘प्रायव्हसी मास्क’ वेगळा आखावा लागतो. काही स्वस्त कॅमेऱ्यांत तो नसतोच, म्हणून घेण्याआधी दुकानात ॲप उघडून दाखवायला लावा.

काचेवर चिकटपट्टी लावायचा उपाय सांगतात, तो तर अजिबात करू नका. मी केला. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड पट्टीवरून परतला आणि सगळं चित्र पांढरंफटक.

मास्क आखलात की कार्डावरचं जुनं रेकॉर्डिंग पुसा आणि शेजाऱ्यांना मोबाइलवर चित्र दाखवा. काकीने मला विचारलंच होतं, “झिला, मी न्हाणयेत जातंय ता पण दिसता काय रे तुका?” काळा चौकोन दाखवल्यावर ती पुन्हा खळ्यात येऊन बसायला लागली. घरगुती वापराला २०२३चा डेटा संरक्षण कायदा लागत नाही, हे खरं. पण बाईमाणसाच्या खासगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे.

आवाजाचं रेकॉर्डिंग बंद. कॅमेऱ्यासोबत आलेला कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

पावसाळा संपला की मास्क पुन्हा तपासा. आमच्याकडे माडाचं झाप आपटून कॅमेरा चार बोटं वळला. मास्क चित्रात होता तिथेच राहिला, त्यामुळे बेडं झाकलं गेलं आणि न्हाणी उघडी पडली.