हिऱ्याचा रंग पारखायला शिकताना

रत्नागिरीतल्या आमच्या सराफी पेढीवर हिऱ्यांच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांना मी प्रथम हे सांगतो की, पांढऱ्या हिऱ्याची प्रत लावताना आपण रंगाचा अभाव मोजत असतो. जीआयएने (अमेरिकेतल्या रत्नशास्त्र संस्थेने) १९५०च्या दशकात रूढ केलेली श्रेणी डीपासून झेडपर्यंत जाते. डी, ई, एफ हे रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन, आणि पुढे पिवळसर किंवा तपकिरी झाक वाढत जाते. पिवळेपणा बहुधा स्फटिकातल्या नायट्रोजनामुळे येतो.

नवखा माणूस हिरा समोरून पाहतो आणि तिथेच फसतो, कारण समोरून येणारी लकाकी रंग झाकते. हिरा पांढऱ्या पन्हळीत उपडा ठेवून, टेबल (वरचा सपाट पैलू) खाली आणि टोक वर अशा स्थितीत, बाजूने पाहावा आणि मास्टर स्टोनशेजारी, म्हणजे प्रत आधीच ठरलेल्या नमुन्याच्या हिऱ्याशेजारी, ठेवून ताडावा. जीआयएच्या पद्धतीत मास्टर स्टोन त्या प्रतीची वरची सीमा दाखवतो. म्हणजे जी आणि एच यांच्या मास्टरांमध्ये बसणारा हिरा जी ठरतो. गंमत अशी, की मास्टरशी तंतोतंत जुळणारा हिरासुद्धा त्याच्या एका बाजूला ठेवला तर किंचित उजळ आणि दुसऱ्या बाजूला ठेवला तर किंचित गडद भासतो. म्हणून दोन्ही बाजूंना ठेवून पाहिल्याशिवाय प्रत लिहू नये. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत बोटे सदा घामेजलेली असतात, तेव्हा आधी पुसून मगच चिमट्याने उचलावा.

उजेडाचे पथ्य याहून कडक आहे. आषाढातल्या ढगाळ दुपारी खिडकीशी बसून किंवा जांभ्याच्या उघड्या भिंतीजवळ लावलेली प्रत मी ग्राह्य धरत नाही. दिवसाच्या प्रकाशासारखा ठरावीक दिवा हवा, भोवताल पांढरा किंवा राखाडी हवा, आणि अंगातला सदरा भडक नसावा.

किमतीचा विचार येतो तेव्हा वजन पाहावे. दहा सेंटच्या (म्हणजे ०.१० कॅरेटच्या) खड्यात एका प्रतीचा फरक गिऱ्हाइकाला डोळ्यांनी जाणवत नाही आणि खिशालाही फारसा जाणवत नाही. एक कॅरेटच्या पुढे मात्र तोच फरक मोठी रक्कम होतो, कारण वजनाबरोबर प्रति कॅरेट भावही चढतो. आकारही महत्त्वाचा आहे: गोल हिरा रंग लपवतो, तर बदामी आकारात तो टोकाशी साचतो. आपल्या भागात नथ, कुड्या पिवळ्या सोन्यातच घडवल्या जातात, आणि त्या कोंदणात आय किंवा जे प्रतही शोभते. अशा दागिन्यासाठी ई-एफचा आग्रह धरणाऱ्याला मी स्पष्टपणे परावृत्त करतो. प्लॅटिनममध्ये तीच झाक लगेच उघडी पडते.

निळी प्रतिदीप्ती (अतिनील प्रकाशात निळे चमकणे) असलेला पिवळसर हिरा उन्हात उजळ दिसू शकतो, म्हणून अतिनील दिव्याखालची तपासणी वगळू नये. जडवलेल्या हिऱ्याची प्रत हा अंदाजच असतो. म्हणून त्याच्या पावतीवर ‘जी’ न लिहिता ‘जी-एच’ असे लिहावे.