बारकोड लेबल सरकतंय? ऑफसेटला हात लावायच्या आधी या चुका टाळा

आपल्या जळगाव-धुळ्याकडे आता केळीचे वेफर्स, बिबडे, कळण्याचं पीठ सगळंच बारकोड लावून विकायला लागलेत, चांगलंच आहे, पण प्रिंटर आला की पहिल्याच दिवशी फोन येतो, "भाऊ, लेबल सरकून राहिलं". आणि विचारायच्या आधीच ऑफसेटचे (छपाई वर-खाली, डावी-उजवी सरकवायच्या सेटिंगचे) आकडे दहादा बदलून झालेले असतात. सगळा घोळ तिथेच होतो.

आधी नुसतं बघा. सलग आठ-दहा लेबलं काढा, फाडू नका, पट्टी तशीच टेबलावर पसरा. सगळी सारखीच सरकली असतील, समजा २ मिमी खाली, तर तो ऑफसेटचा विषय, तेवढंच वर घ्या, झालं. पण पहिलं बरोबर, तिसरं जरा खाली आणि आठव्याचे आकडे थेट गॅपमध्ये, म्हणजे दोन लेबलांमधल्या मोकळ्या जागेत, असं वाढत जात असेल तर ऑफसेट कितीही बदला, उपयोग नाही. माप तरी चुकलंय, नाहीतर प्रिंटरला गॅपच कळत नाहीये.

माप घ्यायला मोजपट्टी घ्या, बॉक्सवर लिहिलेलं धरू नका. लेबलची उंची वेगळी आणि गॅप वेगळा टाकायचा असतो, लोक २५ मिमीचं लेबल आणि ३ मिमीचा गॅप मिळून उंचीत २८ टाकून मोकळे होतात. दोन लेबलं शेजारी शेजारी असलेल्या रोलला ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकाच लेबलची रुंदी टाकतात, तिथे पूर्ण पट्टीची रुंदी लागते. मग सेन्सर (लेबल कुठे संपतं ते ओळखणारा भाग) गॅपवर आहे का ब्लॅक मार्कवर (रोलच्या मागची काळी खूण) ते बघा आणि कॅलिब्रेशन करा, म्हणजे प्रिंटरला रोलचं माप ओळखायला लावा, रोलची कंपनी बदलली की परत करा. पीठ, मसाल्याच्या दुकानात सेन्सरवर धूळ बसते, ती मऊ ब्रशने काढा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

रोल न वापरता साध्या प्रिंटरवर ए-फोर लेबल शीट छापणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे वरची ओळ बरोबर आणि खाली जाता जाता घसरत असेल तर प्रिंट करताना "फिट टू पेज" चालू राहिलंय, १०० टक्के किंवा "अ‍ॅक्च्युअल साईज" करा, आणि पेपर लेटर नाही, ए-फोरच आहे ना ते बघा, कारण लेटर २७९ मिमी लांब आणि ए-फोर २९७. पहिली प्रिंट साध्या कागदावर काढून लेबल शीटवर ठेवा आणि उजेडात धरा, महागडी शीट वाया जात नाही. अर्धी वापरलेली शीट लेझर प्रिंटरमध्ये परत घालू नका, लेबल सुटून आत चिकटलं तर खर्च मोठा.

आता लेबल सरळ आलं तरी स्कॅन होईना, हे जास्त त्रासाचं. माऊसने कोपरा ओढून बारकोड लेबलात बसवला की रेषांचं माप बिघडतं. २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.१२५ मिमीचा, म्हणजे बारीक रेष २ ठिपक्यांची किंवा ३ ठिपक्यांची, अडीचची होतच नाही. १३ आकडी ईएएनला (दुकानातल्या मालावरचा नेहमीचा बारकोड) दोन्ही बाजूची कोरी जागा धरून बारीक रेषेएवढे ११३ भाग लागतात, ३ ठिपके धरले तर ४२ मिमीच्या वर जातं, ३८ मिमी रुंद लेबलात बसणारच नाही. २ ठिपक्यांनी साधारण २८ मिमीत बसतं, पण ते ईएएनच्या ठरलेल्या मापाच्या ८० टक्के या किमान मर्यादेपेक्षाही थोडं खाली आहे, मॉलला माल द्यायचा असेल तर ५० मिमीचं लेबलच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. बाजूची कोरी जागा खाऊन तिथे एमआरपी टाकू नका. आणि लाल रंगात बारकोड नको, लाल उजेडाच्या स्कॅनरला तो दिसतच नाही.

अजून एक, आपल्याकडचं ऊन. रिबन (शाईची फीत) न लागणारं, नुसत्या उष्णतेने छापलं जाणारं थर्मल लेबल मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये काळं पडायला लागतं, वेफर्सच्या तेलाने उडतं ते वेगळंच. नखाने जोरात ओरखडा काढून बघा, काळी रेघ उमटली तर ते थर्मल आहे. दोन-चार महिने टिकवायच्या मालाला रिबनवालं लेबल लावा.