घोड्याला ‘वांड’ ठरवण्याआधी या चुका टाळा

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला हात गेला की घोडा कान पाडतो, मान वळवून दात दाखवतो, शेपटी फटकारतो. तबेल्यात लगेच निकाल लागतो: खोडसाळ आहे, जरा दम द्या. पण खोगीर टोचत असेल, पाठीचे स्नायू आखडले असतील किंवा जठरात व्रण असतील, तरी घोडा नेमकं हेच करतो. म्हणून आधी दुखणं शोधायचं, स्वभावावर बोट शेवटी.

खोगीर काढा आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत मागे न्या. दर वेळी त्याच जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली दबली, तर घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. खोगिराखालच्या भागात मध्येच पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला, तर तिथं कधीतरी खोगिराचा दाब पडला होता असं समजायला हरकत नाही.

फक्त कान पाहून अर्थ लावणं

मागे गेलेले कान म्हणजे राग, हे अर्धवट ज्ञान फार घात करतं. कान सैल आणि मागे वळलेले असतील, तर घोडा बहुधा स्वाराकडे किंवा मागच्या आवाजाकडे लक्ष देतोय. दोन्ही बाजूंना लोंबत असतील तर डुलकी. मानेला चिकटले असतील तर मात्र दोन पावलं मागे व्हा.

वेदनेतला घोडा याहून वेगळा दिसतो, आणि तिथं सगळा चेहरा पाहावा लागतो. २०१४ साली संशोधकांनी ‘हॉर्स ग्रिमेस स्केल’ मांडलं. त्यात सहा गोष्टी पाहतात: ताठरून मागे गेलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्याच्या वरच्या भागात आलेला ताण, उठून दिसणारे जबड्याचे स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड व पुढे आलेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. निवांत घोड्याचा खालचा ओठ सैल पडलेला असतो. दुखत असेल तर हनुवटी गोळा होऊन टणक दिसते. हा फरक एकदा नजरेत बसला की लांबूनही ओळखू येतो.

‘शांत आहे, त्रास देत नाही’

घोडा ही निसर्गात शिकार होणारी जात. दुखणं जमेल तितकं लपवायचं, हे त्याच्या रक्तात आहे. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, आवाजाला कान हलत नाहीत, वैरण आली तरी उत्साह नाही, अशा घोड्याला ‘गुणी’ म्हणणारे भेटतात. मला हा दुगाण्या झाडणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

पायांकडेही पाहा. मागचा एक पाय सैल सोडून उभं राहणं आणि अधूनमधून पाय बदलणं ही विश्रांती. पुढचा पाय पुढे टेकवून त्यावरचं वजन काढून घेणं ही विश्रांती नव्हे. दोन्ही पुढचे पाय पुढे, भार टाचांवर आणि मागच्या पायांवर, खूर गरम, खुरावरच्या सांध्याच्या मागे नाडी ठणठण उडतेय, असं दिसलं तर लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची सूज) समजून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. चालवून बघण्याच्या भानगडीत पडू नका.

पोट मोठं म्हणजे तब्येत चांगली?

घोडा किती भरलेला किंवा रोड आहे हे ठरवायला हेन्नेके या संशोधकांनी १९८३ साली दिलेली १ ते ९ गुणांची पद्धत अजूनही वापरात आहे. तिच्यात मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं मूळ पाहतात. पोटाचा घेर त्यात नाहीच. साधारण ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण बोटांना सहज लागतात. थंडीतली दाट लव बरगड्या झाकते, म्हणून हात फिरवावाच लागतो. पाठ उतरलेली आणि पोट तेवढं सुटलेलं असेल तर जंत किंवा निकस वैरण, यांचा संशय घ्या.

पोटशूळाला चाळा समजणं

जमीन उकरणं, वळून कुशीकडे पाहणं, वरचा ओठ मुडपणं, बसणं-उठणं, लोळणं, घाम, लीद थांबणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र आली की वाट पाहू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. खाणं काढून घ्या आणि पशुवैद्याला न विचारता वेदनाशामक देऊ नका. लक्षणं दबतात आणि आतला बिघाड वाढत राहतो.

फोन करताना आकडे हाताशी ठेवा. स्वस्थ प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परतायला हवा. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे तो धडधाकट असतानाच लिहून ठेवलेले बरे.

ओठ चाटणं-चघळणं म्हणजे ‘त्यानं ऐकलं’, हाही एक लाडका गैरसमज. ताण ओसरतानाही घोडा तेच करतो, म्हणजे आधी ताण होता.

आणि फक्त स्वार बसल्यावरच बिघडणारा घोडा? ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन आणि सहकाऱ्यांनी स्वाराखालच्या घोड्यासाठी २४ वागणुकींची यादी केली आहे. त्यातल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर स्नायू-हाडांच्या दुखण्याची शक्यता दाट. एकाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा, चाल आणि चेहरा दोन्ही येतील असं, आणि तेच पशुवैद्याला दाखवा. अनोळखी माणूस तबेल्यात आला की हाच घोडा कान टवकारून अगदी ठणठणीत असल्यासारखा उभा राहतो.